उंच मुलांची महाधमनी



संयोजी ऊतींचा आनुवंशिक विकार असलेला रुग्ण बहुधा डोळ्यांच्या नाहीतर हाडांच्या डॉक्टरकडे जातो; जिवाला धोका मात्र महाधमनीपासून असतो. यांतला सर्वांत परिचित विकार मार्फान सिंड्रोम. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये लांबसडक हातपाय-बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो. त्यात पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातल्या दोषामुळे फायब्रिलिन हे प्रथिन नीट बनत नाही. डोळ्यातले भिंग जागेवर धरणारे आणि महाधमनीच्या भिंतीला बळ देणारे धागे याच प्रथिनाचे. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा मारा सोसणारा महाधमनीचा मुळाकडचा भाग वर्षानुवर्षे फुगत जातो. दुखत काहीच नाही. मग एके दिवशी आतला थर चिरतो, रक्त भिंतीच्या थरांत शिरते, आणि उपचार न झाल्यास माणूस काही तासांतही जाऊ शकतो. द्विदल झडप सैल पडली तर स्टेथोस्कोपला आवाज येतो. नुसत्या फुगलेल्या महाधमनीचा बहुधा येत नाही.

अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेत्या संघात होती. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असतानाच ती कोसळली आणि गेली. वय अवघे ३१. सहा फूट पाच इंच उंचीचे सर्वांनी कौतुक केले. त्यामागचा मार्फान सिंड्रोम कळला तो शवविच्छेदनात. नंतर भावाला तपासले तर त्यालाही तोच विकार निघाला, आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

नव्याने दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरने हे कायम ध्यानात ठेवावे: असा एक रुग्ण सापडला की सारे घर तपासावे. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तो घराण्यात पहिल्यांदाच उद्भवतो, म्हणून आईवडील ठणठणीत आहेत एवढ्यावर शंका सोडू नये. ‘आमच्याकडे सगळेच उंच’ हे उत्तर ऐकून समाधान मानू नये. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का, हे विचारावे. आईवडील, भावंडे, मुले या सर्वांचा टूडी इको करवावा. मुलांचा तो पुन्हा पुन्हा करावा लागतो.

वेळीच कळले तर उपाय आहेत. बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टनने फुगण्याचा वेग मंदावतो. महाधमनीच्या मुळाची रुंदी ५० मिलिमीटरवर गेली की, आणि धोका अधिक असल्यास त्याआधीच, मूळ बदलण्याची शस्त्रक्रिया करतात. अशा देखरेखीखालचे रुग्ण आज सत्तरीही गाठतात. गर्भारपणात धोका वाढतो, म्हणून इको त्याआधीच हवा.

संयोजी ऊतींच्या इतर विकारांकडेही लक्ष हवे. लॉयस-डाइट्झ सिंड्रोममध्ये महाधमनी कमी रुंदीलाही चिरते. एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकारात तर ती आधी न फुगताच फाटू शकते. पण त्याच नावाच्या, नुसत्या लवचिक सांध्यांच्या प्रकारात असा धोका क्वचितच. सांधे लवचिक म्हणून कोणत्याही मुलाला घाबरवून सोडू नये.

अशा रुग्णाच्या छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली तर ती गॅसची समजू नये. हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही देऊ नये, ते जिवावर बेतते. तातडीने सीटी स्कॅन करवावा. आणि एरवी सर्रास लिहिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन या रुग्णांना दुसरा पर्याय असताना देऊ नये.