मरुभूमीत कॅमेऱ्यासह

अरवलीच्या रांगा मागे टाकून मोटार पश्चिमेकडे धावू लागली, की भूमीचे रूप हळूहळू पालटते. शेते विरळ होतात, झाडे खुजी होतात, आणि दोन गावांमधील अंतर वाढत जाते. जोधपूर सोडल्यावर शमीची तुरळक झाडे (तिकडे त्यांस खेजडी म्हणतात) आणि त्यांच्या सावलीत बसलेल्या शेळ्या, एवढीच काय ती दृष्टीला विश्रांती! हीच थरची मरुभूमी. ओसाड म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणारे पुष्कळ आहेत. छायाचित्रकाराला मात्र ती फार प्रिय आहे. पिवळ्या दगडांचे किल्ले, वाळूच्या टेकड्या, उंटांचे तांडे, रंगीबेरंगी फेटे आणि दूरदेशींहून आलेले पक्षी, हे सारे त्याला आठवडाभराच्या प्रवासात भेटते. पण त्या प्रवासाचा आरंभ मोटारीत नव्हे, तर घरी, नकाशासमोर बसून करावा लागतो.

पहिला प्रश्न ऋतूचा. याच प्रदेशातील फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा उन्हात माणूस तर सोडाच, मोटारीचे यंत्रही तापून थकते. म्हणून जाणते प्रवासी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडतात. तेव्हा दिवस सुखाचे असतात. रात्री मात्र चांगल्याच गारठतात. वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते. लोकरीचे कपडे न घेता वाळवंटात गेलेला मनुष्य पहाटे कुडकुडत बसतो, आणि थंडीने कॅमेऱ्याची बॅटरीही लवकर मंदावते. ती आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवणे बरे.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा, आणि तोच या प्रवासाचा खरा सूत्रधार आहे. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला, की वाळूची टेकडी सपाट व फिकी दिसते. कॅमेऱ्यात ती पांढरट चादरीसारखी उमटते. सकाळी आणि सायंकाळी हीच टेकडी ओळखू येत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना हवेच्या अधिक जाड थरांतून यावे लागते. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळा-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. शिवाय किरण तिरपे पडल्यामुळे वाऱ्याने उमटवलेल्या प्रत्येक लहरीमागे सावलीची एक रेघ उभी राहते. वारा ज्या बाजूने वाहतो ती टेकडीची बाजू सौम्य उताराची असते, तर पलीकडची बाजू एकदम घसरती असते. या दोहोंमधील धारदार कड तिरप्या प्रकाशातच उठून दिसते. छायाचित्र काढायचे ते वाळूचे नव्हे, तर वाळूवरच्या सावलीचे, असे म्हटले तरी चालेल.

येथेच या प्रवासातील पेच आहे. उत्तम चित्र सूर्यास्ताच्या वेळी मिळते; म्हणजे कॅमेरा पिशवीत जाईपर्यंत अंधार पडतो, आणि मुक्कामाचे गाव चाळीस किलोमीटर दूर असते. वाळवंटातील रस्ते सरळ व मोकळे असल्यामुळे मोटार वेगाने हाकण्याचा मोह होतो. परंतु रात्री गाई, शेळ्या आणि उंट त्याच रस्त्यावर येतात. उंटाचे पाय काटकुळे आणि धड इतके उंचावर, की दिव्यांच्या झोतात तो पटकन ध्यानी येतच नाही. अशा अपघातात उंट आणि प्रवासी दोघांचेही प्राण जाऊ शकतात. यावर उपाय एकच. जेथे सूर्यास्त पाहायचा, तेथेच जवळपास रात्रीचा मुक्काम ठरवायचा. पूर्वीचे उंटांचे तांडे पाण्याच्या अंतरावरून आपले पडाव ठरवीत. छायाचित्रकाराने ते प्रकाशाच्या वेळेवरून ठरवावेत.

या हिशेबाने जोधपूरहून जैसलमेरकडे जाणारी वाट आखून पाहू. एका दिवसात हे अंतर कापता येते. पण त्या घाईत वाटेतील मौज हुकते. पहिला मुक्काम सुमारे १४० किलोमीटरांवरील फलोदीस करावा. तेथून अगदी जवळ खीचन नावाचे गाव आहे. मंगोलिया व मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले कांड्या करकोचे तेथे हजारोंच्या संख्येने हिवाळा काढतात. राजस्थानात त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासाठी कुंपण घातलेल्या अंगणात धान्य पसरीत आले आहेत. सूर्य उगवतो, आकाशात लांबच लांब रांगा दिसू लागतात, आणि पाहता पाहता सारे अंगण राखाडी पंखांनी भरून जाते. ज्याने रात्र फलोदीत काढली आहे, त्यालाच हे दृश्य मिळते.

पुढे पोखरण लागते. १९७४ आणि १९९८ साली भारताने अणुचाचण्या केल्या त्या या गावाजवळच्या भूमीत. हा प्रदेश सीमेलगतचा असल्याने सैन्याच्या छावण्या, वाहने, पूल किंवा फलक यांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि सीमेजवळच्या निर्बंध असलेल्या भागात परवानगीवाचून पाऊल टाकू नये. पोखरणपासून जैसलमेर सुमारे ११० किलोमीटर आहे.

जैसलमेरचा किल्ला ११५६ साली रावळ जैसल याने वसवला. पिवळ्या वालुकाश्माच्या त्या तटांना मावळतीचे ऊन लागले, की ते सोन्याचे भासतात. दुपारच्या रखरखीत वेळीही येथे हात जोडून बसावे लागत नाही. अरुंद गल्ल्यांत समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ प्रकाश हवेल्यांच्या नक्षीवर पडतो, आणि प्रवाशाला सावलीही मिळते. शहराच्या पश्चिमेस कुलधरा हे पालीवालांचे सोडून दिलेले गाव आहे. लोक तेथील भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगतात; परंतु पालीवालांची खरी नवलाई निराळी होती. उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी ते सखल जागी बांध घालून अडवीत, ते मुरले की त्याच ओलीवर रब्बीचे पीक घेत. अशा शेतास खडीन म्हणतात. जेथे वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो, तेथे ही गव्हाची शेते!

पाण्याचा असाच हिशेब प्रवाशानेही ठेवला पाहिजे. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचे पाणी, आणि त्याखेरीज अडचणीसाठी आणखी एक भरलेला डबा मोटारीत असावा. पेट्रोलची टाकी अर्धी होताच पुन्हा भरावी. डांबरी रस्ता सोडून वाळूत मोटार घालू नये, हे सर्वांत चांगले. घालावीच लागली, तर जाणता वाटाड्या हवा, आणि चाकांतील हवा थोडी कमी करावी. त्यामुळे चाक पसरते व वाळूत कमी रुतते. रस्त्यावर परतल्याबरोबर मात्र हवा पुन्हा भरावी लागते. चाक रुतलेच, तर जोराने फिरवू नये. ते स्वतःच आपला खड्डा खणते. वाळू उपसून चाकाखाली फळी किंवा जाड चटई सरकवावी. आणि मोटार बंद पडलीच, तर ती सोडून पायी निघणे ही फार मोठी चूक होय. मोटार सावली देते, आणि शोधणाऱ्यांना ती माणसापेक्षा लवकर दिसते. शोधणारे यावेत, म्हणून आपण कोणत्या वाटेने जाणार व केव्हा पोहोचणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवावे.

कॅमेऱ्याची काळजीही थोडी जाणून घेतली पाहिजे. वाळूचे कण बहुतांशी गारेचे, म्हणजे काचेहूनही कठीण असतात. भिंग रुमालाने पुसले, तर त्यावर चरे पडतात; म्हणून कण आधी फुंकणीने उडवावेत. वारा वाहत असताना भिंग बदलू नये. चकाकणाऱ्या वाळूने कॅमेऱ्यातील प्रकाशमापकही फसतो. समोर फारच उजेड आहे असे समजून तो चित्र काळपट करतो; तेव्हा त्याच्या मापापेक्षा थोडा अधिक प्रकाश आत घ्यावा लागतो.

काही चित्रे न घेतलेलीच बरी. जैसलमेरच्या पश्चिमेकडील राष्ट्रीय मरुउद्यानात माळढोक पक्षी राहतो. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. तरी महाराष्ट्रात आज त्याचे दर्शन दुर्मिळ आहे. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. मोटार जवळ नेल्याने ती उठून गेली, तर ते एकुलते अंडे उन्हात उघडे पडते. माणसांच्या बाबतीतही तसेच. पाणी भरणाऱ्या बाईने पदर पुढे ओढला, तर कॅमेरा खाली करावा. फेटेवाल्या आजोबांना आधी रामराम घालून विचारावे.

शेवटचा मुक्काम सम येथील टेकड्यांजवळ, जैसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर. सायंकाळी तेथे उंटगाड्यांची व प्रवाशांची दाटी होते आणि वाळू पावलांनी विस्कटून जाते. रात्री वारा वाहिला, तर तो ही सारी पावले पुसून टाकतो. जवळच मुक्काम केलेला छायाचित्रकार पहाटे अंधारातच चालत टेकडीवर चढतो. झुंजूमुंजू होते, लहरींमागे पहिल्या सावल्या उमटतात, आणि त्या कोऱ्या वाळूवर रात्री फिरून गेलेल्या एखाद्या भुंग्याच्या पायांची नाजूक नक्षी दूरपर्यंत गेलेली दिसते.