सॉर्बिट्रेट आणि ‘ती’ गोळी

‘डॉक्टर, या गोळीने हार्ट अटॅक येतो का हो?’ हा प्रश्न पुरुष रुग्ण मला हमखास विचारतात, तोही बायको बाहेर जाऊन बसल्यावर. ‘ती गोळी’ म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, लैंगिक ताठरतेसाठी घेतली जाणारी. हृदय धडधाकट असेल, जिना चढताना छातीत दुखत नसेल, तर या गोळीची एवढी धास्ती बाळगण्याचं कारण नाही. ती कोणत्या औषधासोबत पोटात जाते, हे मात्र बघायलाच हवं.

सगळ्यात घातक जोडी नायट्रेटची. आपल्याकडे घराघरांत ठाऊक असलेली सॉर्बिट्रेट ही त्यातलीच. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा छातीवर चिकटवायचा पॅच हीही त्याच कुळातली. नायट्रेटमुळे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन वाढतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. हे रसायन मोडून टाकणारं एक विकर असतं. सिल्डेनाफिल नेमकं तेच बंद पाडतं. म्हणजे एका औषधाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरी तुंबवायची! रक्तदाब एकदम इतका खाली येतो की माणूस कोसळतो, जीवही जाऊ शकतो. निकोरँडिल या हृदयाच्या गोळीतही नायट्रेटचा अंश आहे. नावावरून ते कळत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी दिलं जाणारं रिओसिग्वाटही या गोळीबरोबर पूर्ण वर्ज्य.

सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट चालत नाही. टाडालाफिल शरीरात रेंगाळतं. शनिवारी रात्री घेतलेली गोळी सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना अंगात असतेच. आता आपल्याकडची रीत आठवा. कुणाच्या छातीत कळ आली की शेजारी धावत येतात आणि खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात. व्हॉट्सॲपवरही तोच सल्ला फिरत असतो. बिचाऱ्या शेजाऱ्याला आतली गोष्ट कशी ठाऊक असणार? म्हणून गोळी घेतल्यानंतर छातीत दुखलं, तर सॉर्बिट्रेटला हात लावू नका. १०८ ला फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ सांगा. बोलायची लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. घरातल्या एका तरी माणसाला, खरं तर पत्नीलाच, याची कल्पना असू द्या. वेळ आली तर तुम्ही बोलण्याच्या स्थितीत असालच असं नाही.

काही जण गोळी घेता यावी म्हणून हृदयाची गोळी एक-दोन दिवस परस्पर बंद ठेवतात. हा शुद्ध आत्मघात आहे.

पन्नाशीनंतर प्रोस्टेटचा त्रास आणि ताठरतेची तक्रार बऱ्याचदा हातात हात घालून येतात. लघवी मोकळी व्हावी म्हणून टॅमसुलोसिन, सिलोडोसिन दिलं जातं, काहींना रक्तदाबासाठी प्रॅझोसिन चालू असतं. यांच्यासोबत ही गोळी घेता येते, पण आधीचं औषध अंगवळणी पडल्यावर आणि कमी मात्रेने, म्हणजे सिल्डेनाफिल बहुधा २५ मिलिग्रॅमपासून. नाहीतर रात्री अंथरुणातून उठताना भोवळ येते. वरून दोन-तीन पेग झाले असतील तर विचारूच नका, दारूही रक्तदाब उतरवते. अ‍ॅम्लोडिपीनसारख्या रोजच्या बीपीच्या गोळ्यांसोबत रक्तदाब आणखी थोडा उतरतो. बहुतेकांना ते सोसतं, पण डॉक्टरांना ठाऊक असावं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींनी या जोडीची काळजी करू नये.

काही औषधं दुसऱ्या वाटेने गोंधळ घालतात. यकृत सिल्डेनाफिलचा निचरा करतं, तो निचराच ती अडवतात. गजकर्णासाठी आठवडेच्या आठवडे चालणारं इट्राकोनाझोल, खोकल्या-तापासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन, एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर ही त्यांची नावं. रिटोनाविरमुळे रक्तातलं सिल्डेनाफिल सुमारे ११ पट वाढल्याचं आढळलं आहे, म्हणून त्याच्यासोबत ४८ तासांत २५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त घ्यायचं नाही. क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनचा प्रकार उलटा. ते गोळीचा निचरा इतका भरभर करतं की परिणामच दिसत नाही. मग रुग्ण आपल्या मनाने डबल डोस घेतो, तसं करू नका.

‘मी ॲलोपॅथी घेतच नाही, जडीबुटी घेतो’ म्हणणाऱ्यांनाही सांगायला हवं. हायवेच्या कडेच्या तंबूतलं चूर्ण किंवा ऑनलाइन मिळणारी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल तासाभरात गुण देत असेल, तर संशय घ्या. अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सिल्डेनाफिल चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, तरी मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगून ते हातात पडतं. तिथे तुमच्या बाकीच्या गोळ्या कोण विचारतो?

नायट्रेट चालू असलेल्यांनी मात्र निराश होऊ नये. अँजिओप्लास्टीनंतर सुरू झालेली नायट्रेटची गोळी काही वेळा जुन्या चिठ्ठीवरून वर्षानुवर्षं नुसती चालू राहते. तिची आज गरज आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारा. गरज असेल तर ‘त्या’ गोळीऐवजी व्हॅक्यूम पंपासारखे उपाय मूत्ररोगतज्ज्ञ सुचवू शकतात. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि ‘ती’ही त्यात असू द्या.