चाळिशीनंतरचा स्वाध्याय

गुरुगृहातील अध्ययन पुरे करून शिष्य घरी जावयास निघतो, तेव्हा आचार्य त्याला अखेरचा उपदेश करतात. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतील हा भाग पुष्कळांच्या ऐकण्यात असेल. सत्य बोलावे, धर्माने वागावे, माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देवासमान मानावे, हे त्यातील उपदेश सर्वांच्या तोंडी आहेत. त्याच उपदेशात स्वाध्यायात हयगय करू नये, अशीही आज्ञा आहे, आणि ती एकदा देऊन आचार्यांचे समाधान होत नाही; ते तीच गोष्ट पुन्हा बजावतात. येथे एक मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. ही आज्ञा अध्ययनाच्या आरंभी दिलेली नसून समाप्तीच्या वेळी दिलेली आहे. शिकणे संपले, आता अभ्यास पुरे, असे ज्या क्षणी मनाला वाटू लागते, त्याच क्षणी आचार्य सावध करतात.

त्या काळी स्वाध्याय म्हणजे मुखोद्गत वेदाचे नित्य आवर्तन होते; छापील ग्रंथ पुढे अनेक शतकांनी आले. तरी रोज थोडा वेळ मन एकाग्र करून उत्तम वाणीच्या सहवासात राहणे हा स्वाध्यायाचा गाभा तेव्हा होता तोच आजच्या वाचनातही आहे. योगदर्शनात शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान असे पाच नियम सांगितले आहेत. देहाची स्वच्छता जशी रोजची, तसा स्वाध्यायही रोजचाच, हे त्या गणनेवरून उघड होते.

आपल्या घरांतून मात्र उलट प्रकार दिसतो. शाळकरी मुलांनी वाचावे म्हणून आपण त्यांच्या मागे लागतो; परंतु पन्नाशी-साठी गाठलेल्या माणसांचे वाचन सुटले, तर कोणाला त्याची खंत वाटत नाही. पोथी बासनात बांधली जाते, कादंबऱ्या माळ्यावर जातात, आणि वर्तमानपत्राचे मथळे चाळणे एवढेच वाचन उरते. आमचे म्हणणे असे की, वाचन ज्या वयात सुटते त्याच वयात त्याची गरज सर्वांत अधिक असते. हे केवळ श्रद्धेने म्हटलेले नाही. गेल्या काही वर्षांत वैद्यांनी आणि संशोधकांनी या विषयाचा जो शोध घेतला आहे, तोही याच दिशेने बोट दाखवितो.

प्रथम वाचताना आपल्या आत काय घडते ते पाहू. बोलणे मुलाला ऐकून ऐकून येते; वाचणे मात्र शिकावेच लागते. डोळ्यांनी अक्षराची आकृती टिपावयाची, तिचा ध्वनी स्मरावयाचा, ध्वनींचा शब्द जुळवावयाचा, शब्दाचा अर्थ मागच्या वाक्याशी जोडावयाचा, आणि हे सर्व निमिषमात्रात. दृष्टी, श्रवण, स्मृती आणि भाषा यांची मेंदूतील केंद्रे या कामी एकत्र जुंपली जातात. हा व्यायाम मोठ्या वयातही फळतो, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील तिशीच्या सुमाराच्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी लिपी वाचावयास शिकविण्यात आली. शिकण्यापूर्वी व नंतर त्यांच्या मेंदूची प्रतिमाचित्रे घेण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावरच केवळ नव्हे, तर खोलवरच्या प्राचीन भागांच्या परस्पर-व्यवहारातही बदल झाला होता. ज्या अक्षरांत हा लेख छापला आहे, त्याच अक्षरांनी हे काम केले. 'आता या वयात काय होणार?' असे म्हणणाऱ्यास याहून चांगले उत्तर कोणते द्यावे?

आता उतारवयाकडे वळू. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडण्याचे प्रमाण कमी असल्याचे त्यात दिसले. शिकागो येथील रश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली २९४ वृद्धांची माहिती मांडली. या मंडळींची स्मरणशक्ती व विचारशक्ती दरवर्षी तपासली जात असे, आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूचीही तपासणी झाली. वार्धक्यात नेहमी वाचन-लेखनादी करणाऱ्यांची बुद्धी मंदावण्याचा वेग, हा व्यासंग बेताचाच असणाऱ्यांच्या मानाने सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होता. विशेष हे की, मेंदूतील विकाराच्या खुणा जमेस धरूनही हा फरक उरला. म्हणजे दोघांच्या मेंदूस सारखीच कीड लागली असता, वाचणाऱ्याचा व्यवहार अधिक काळ नीट चालला. आयुष्यभर साठविलेले द्रव्य जसे दुष्काळात उपयोगी पडते, तसा हा बुद्धीचा साठा संकटात कामास येतो, असे शास्त्रज्ञ समजतात.

तिसरा अभ्यास अमेरिकेतील येल विद्यापीठाचा, २०१६ सालचा. पन्नाशी उलटलेल्या ३,६३५ स्त्री-पुरुषांची माहिती त्यात बारा वर्षांपर्यंतची आहे. पुस्तके वाचणाऱ्यांत त्या काळात मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळला. न वाचणाऱ्यांच्या गटातील एकपंचमांश माणसे ८५ महिन्यांत निवर्तली. पुस्तके वाचणाऱ्यांच्या गटात तितकेच प्रमाण होण्यास १०८ महिने लागले. म्हणजे २३ महिन्यांचे अंतर. वय, शिक्षण, सांपत्तिक स्थिती आणि मूळचे आजार यांचा हिशेब करूनही लाभ शिल्लक राहिला. वर्तमानपत्रे व मासिके वाचण्याचा लाभ मात्र ग्रंथवाचनाइतका आढळला नाही. ग्रंथात एक विषय अनेक पाने धरून ठेवावा लागतो आणि मागचे स्मरून पुढचे समजून घ्यावे लागते, हे त्याचे कारण असावे.

या आकड्यांचा अर्थ लावताना विवेक सोडू नये. जो वाचतो तो मुळातच सावध, टापटिपीचा आणि निरोगी असण्याचा संभव असतो. संशोधकांनी कितीही चाळणी लावली तरी ही शंका पूर्णपणे जात नाही. म्हणून 'पुस्तक वाचा आणि आयुष्य वाढवा' अशी जाहिरात आम्ही करणार नाही. वाचन औषधाच्या जागी नाही, फिरावयास जाण्याच्या जागीही नाही. परंतु वेगवेगळ्या अभ्यासांतून एकच सूर निघत असता आणि ज्याच्या सेवनाने काही अपाय नाही असा हा उपाय असता, त्याकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे ठरणार नाही.

मग उतारवयात वाचन सुटते का? पहिले कारण डोळे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असते. ते हळूहळू ताठर होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. आपल्या भाषेने तर या वयाचे नावच चष्म्याला देऊन टाकले आहे! हा रोग नव्हे. योग्य क्रमांकाची चाळिशी लावली की काम भागते. पुढे भिंग गढूळ झाले की त्यास मोतीबिंदू म्हणतात, आणि तोही शस्त्रक्रियेने दूर करता येतो. तरी कित्येक घरांतून असे दिसते की, आजोबांचा जुना चष्मा वर्षानुवर्षे बदललेला नसतो आणि आजी 'आता डोळे गेले' म्हणून पोथी देवघरात ठेवून मोकळ्या झालेल्या असतात. घरच्यांनाही वाटते की, वयच झाले. दृष्टी सुधारण्याजोगी असता वाचन सुटावे, ही हानी आपण केवळ दुर्लक्षाने करून घेतो. मंद प्रकाशात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, ही समजूतही खरी नाही. ते थकतात एवढेच. वाचताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. मधून मधून दूर पाहावे, उठून चार पावले टाकावीत, म्हणजे डोळ्यांना व पाठीला दोहोंना विश्रांती मिळते.

दुसरे कारण हातातील फोन. रात्री निजण्यापूर्वीचा तास पूर्वी पुस्तकाचा असे. आता तो या चकाकत्या पडद्याचा झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा माणसांनी काही दिवस निजण्यापूर्वी प्रकाशणाऱ्या पडद्यावर, तर काही दिवस कागदी पुस्तक वाचले. पडद्यावर वाचल्यावर झोप येण्यास सुमारे दहा मिनिटे अधिक लागली, निद्रेला साहाय्य करणारा मेलॅटोनिन हा शरीरातील स्राव घटला, आणि सकाळी तरतरीही कमी वाटली. माणसे थोडी होती हे खरे. पण निद्रानाशाची तक्रार असणाऱ्याने आठ दिवस हा पालट करून पाहण्यास पैसा पडत नाही.

तिसरे कारण मनाचे. वाचन म्हणजे परीक्षेची तयारी, असे एकदा मनात बसले की परीक्षा संपताच वाचन संपते. आपल्या बडोद्याच्या इतिहासात याचे सुंदर उत्तर आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातले. १८७५ साली ते दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, आणि त्यांच्या अक्षरओळखीचा आरंभ त्यानंतरचा. इतक्या उशिरा वाचावयास शिकलेल्या या पुरुषाने आयुष्यभर वाचन सोडले नाही, आणि १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर अक्षर विसरले जाते, हे ओळखून त्यांनी पुढचे पाऊल टाकले. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी आरंभिली. ज्या खेड्यात ग्रंथालय नसे, तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. उपनिषदातील आचार्यांनी शिष्याला जे सांगितले, तेच महाराजांनी प्रजेला कृतीने सांगितले, असे म्हणावयास हरकत नाही. ती परंपरा आपल्या गावची आहे, आणि तिचा मान राखणे आपल्या हाती आहे.

वाचनाचा आणखी एक लाभ आकड्यांत सापडत नाही. उतारवयात सोबती कमी होतात. मुले नोकरीनिमित्त दूर जातात. दुपार लांब वाटू लागते. अशा वेळी ग्रंथ हा न कंटाळणारा सोबती आहे. शिवाय नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या कानांवर शुद्ध मराठी पडण्याची जागा घरातील वडीलधाऱ्यांच्या वाचनाखेरीज दुसरी फारशी नाही. आजीने मोठ्याने वाचलेले एक पान नातवाला भाषा देते, आणि आजीला आपण अजून घराच्या उपयोगी आहोत हे समाधान देते.

आता नेम कसा करावा, ते सांगून हा पाठ पुरा करू. येलच्या अभ्यासात आठवड्यास साडेतीन तास ही मर्यादा धरून अल्पवाचक व अधिकवाचक असे गट केले होते. रोजचा हिशेब अर्धा तास होतो. अल्पवाचकांनाही लाभ दिसलाच होता. तेव्हा अर्ध्या तासाची वेळ ठरवावी, शक्यतो दिवसाउजेडी. दासबोधाची वीस दशके आणि दोनशे समास आहेत. रोज एक समास वाचला तर दोनशे दिवसांत ग्रंथ पुरा होतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. रोज पंचवीस वाचल्या तर वर्षात समाप्ती होते. सप्ताहातील पारायणाचे पुण्य आम्ही उणे मानीत नाही. पण सात दिवस वाचून एकावन्न आठवडे ग्रंथ बासनात राहणे, आणि रोज पंचवीस ओव्या अर्थासह मनात घोळविणे, यांत मनाच्या आरोग्यास दुसरे अधिक मानवेल. ज्यांची रुची चरित्रांत, प्रवासवर्णनांत वा कादंबरीत असेल, त्यांनी तेच वाचावे. नेम मोडू नये एवढेच.

ज्यांची दृष्टी खरोखरच गेली आहे, त्यांच्यासाठी श्रवण आहे. आपल्याकडे ग्रंथ एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा, ही रीत जुनीच आहे. घरातील एकाने रोज पंधरा मिनिटे वडिलांना वाचून दाखवावे, मध्ये थांबून 'काल काय झाले होते?' असे त्यांनाच विचारावे, म्हणजे स्मरणालाही चालना मिळेल.

वाचकहो, या महिन्यात प्रत्येकाने एक गोष्ट करावी. आपल्या घरात ज्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे वाचन सुटले आहे, तिला ते का सुटले हे आदराने विचारावे. उत्तर डोळ्यांचे असेल तर नेत्रवैद्याकडे न्यावे. अक्षर बारीक पडत असेल तर मोठ्या टाइपातील ग्रंथ आणून द्यावा. मन लागत नसेल तर शेजारी बसून पहिले पान आपण वाचावे. दुसरे पान त्या स्वतः वाचतील.