पाण्याविना थंडावा : यंत्राची जाळी जपा

एप्रिल 2016 मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 10 टाक्यांची पहिली गाडी 12 एप्रिलला लातुरात पोचली. जेथे पिण्याच्या पाण्याची ही गत, तेथे यंत्र थंड ठेवण्यासाठी पाणी उडवणे परवडत नाही. म्हणून हवेने थंड होणारी यंत्रणा व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतली पाहिजे.

कूलिंग टॉवरमध्ये 1 लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण ते पाणीही जाते. हवेच्या यंत्रणेत गरम तेल किंवा पाणी बंद नळ्यांतून फिरते आणि पंखा नळ्यांवर बाहेरची हवा सोडतो. डाळ मिलच्या सॉर्टेक्सला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, जनरेटरचा रेडिएटर, शीतगृहाचा कंडेन्सर, सर्वांचे तत्त्व हेच.

मात्र तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाण्यात साडेतीन हजार पट उष्णता मावते. ही उणीव भरून काढण्यासाठी नळ्यांवर पातळ फिन बसवतात. त्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. हीच ती जाळी. यंत्राचा सारा थंडावा तिच्यावर अवलंबून असतो.

डाळ मिलचा भुसा किंवा जिनिंगमधील कापसाचे तंतू जाळीत बसले की हवा अडते. तेल तापून पातळ होते, बेअरिंग झिजतात आणि ऐन हंगामात मशीन बंद पडते. मग मालक पंखा मोठा घ्यायला निघतो. पण पंख्याचा वेग दीडपट केला तर वीज जवळजवळ साडेतीनपट लागते. त्यापेक्षा जाळी साफ करणे स्वस्त.

साफ करताना पंखा बंद ठेवून वीज तोडावी. हवा ज्या बाजूने आत येते, तिच्या उलट बाजूने कमी दाबाची हवा मारावी. जोराच्या फवाऱ्याने फिन वाकतात. चालू जनरेटरच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

जागाही महत्त्वाची आहे. हवेच्या यंत्रणेतून निघणारे तेल बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. मे महिन्यात हवा 42 अंशांवर असता पत्र्याच्या बंद खोलीत बाहेर फेकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली गेली, तर नवी जाळीही उपयोगी नाही. गरम हवेला नळकांड्याने बाहेर वाट द्यावी.

कारागिरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तांब्या-पितळेच्या जाळीला कथलाचा डाग चालतो. ॲल्युमिनियमवर तो नेहमीच्या पद्धतीने धरत नाही, तेथे आर्गॉन वेल्डिंग शिकावे लागते. आता बऱ्याच जाळ्या ॲल्युमिनियमच्या येतात. जो हे काम शिकेल, त्याच्या दुकानी उन्हाळ्यात गिऱ्हाईक आपण होऊन येईल.