निवृत्तीपूर्वीची कर्जफेड

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. घर बांधताना माणसाची जी दमछाक होते, ती या म्हणीत आली आहे. घर बांधून झाल्यावर वीस वर्षे चालणाऱ्या हप्त्यांचा उल्लेख मात्र तीत नाही, कारण ही म्हण रूढ झाली तेव्हा नोकरदाराने बँकेकडे घर गहाण ठेवून त्याच घरात राहण्याची रीत नव्हती. ही रीत कशी आली, तिच्यातील हिशेब कसा चालतो आणि पगार थांबण्यापूर्वी हे कर्ज कसे फेडता येते, याचा विचार या पाठात बंगळुरू शहराच्या अनुषंगाने केला आहे.

बंगळुरू आज संगणकाच्या व्यवसायासाठी ओळखले जाते. परंतु त्याआधी ते कारखान्यांचे शहर होते. १९४० मध्ये तेथे विमानांचा कारखाना निघाला. त्यामागोमाग १९४८ मध्ये दूरध्वनी-यंत्रांचा आयटीआय, १९५३ मध्ये यंत्रे बनवणारा एचएमटी आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग उभे राहिले. कारखान्याभोवती कामगारांच्या वसाहती वसल्या. शाळा, दवाखाना, मैदान, सारे काही कुंपणाच्या आत असे. या सुखाला एकच अट होती: नोकरी संपली की निवासस्थान सोडावे लागे. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी आणि उपदान हाती आले की तीस फूट बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर दोन खोल्या बांधायच्या, हा अनेक कुटुंबांचा क्रम होता. घर आयुष्याच्या उतरणीवर मिळे. पण ते बहुधा कर्जाविना मिळे.

१९७७ मध्ये मुंबईत हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन केली. १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली आणि पुढे इतर बँकांनीही या क्षेत्रात पाऊल टाकले. आता क्रम उलटा झाला. घर आधी मिळू लागले आणि पैसे नंतर देता येऊ लागले. तरुणपणी स्वतःच्या छपराखाली राहता येणे हा मोठाच लाभ होय. त्याची किंमत मात्र हप्त्याच्या पोटात दडलेली असते.

हप्त्याच्या पोटात काय असते?

समजा, बंगळुरूमधील एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थाने वयाच्या ४४व्या वर्षी ३० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे २६,९९२ रुपये येईल. पहिल्या महिन्यात ३० लाखांवरील व्याजच २२,५०० रुपये होते. म्हणजे मुद्दलातून फक्त ४,४९२ रुपये वजा होतात. पाच वर्षांत त्याने १६ लाख २० हजारांच्या आसपास रक्कम भरलेली असेल. पण मुद्दल कमी झालेले असेल ते केवळ ३ लाख ३९ हजारांनी. अर्धे मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षे लागतात. वीस वर्षांचे एकूण व्याज ३४ लाख ७८ हजार रुपये, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक, होते.

येथे एक जुना नियम आठवतो. 'दामदुपट' हा शब्द आपल्याकडे धर्मशास्त्रापासून चालत आला आहे. कोणत्याही एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, असा त्याचा अर्थ असून मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हा नियम मानला होता. गृहकर्जाच्या हप्त्यात व्याज थकत नाही, ते महिन्याच्या महिन्याला दिले जाते. त्यामुळे हा नियम तेथे लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही सावकाराच्या वहीतील दुपटीला भिणारे आपण पासबुकातील दुपटीकडे सहज दुर्लक्ष करतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. याउलट केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या घरबांधणी अग्रिमाची रचना पाहा. तेथे जास्तीत जास्त १८० हप्त्यांत आधी मुद्दल फेडून घेतात आणि सरळ व्याजाने आकारलेले व्याज त्यानंतरच्या ६० हप्त्यांत वसूल करतात.

आता वयाचा हिशेब करू. हा गृहस्थ साठाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा त्याचे ४८ हप्ते बाकी असतील आणि १० लाख ८५ हजार रुपयांच्या आसपास मुद्दल डोक्यावर असेल. पगार थांबेल, हप्ता थांबणार नाही. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पगाराची मर्यादा २०१४ मध्ये १५,००० रुपयांवर नेण्यात आली. या मर्यादेवर अंशदान भरणाऱ्या माणसाला ३५ वर्षांच्या पात्र सेवेसाठी महिना साडेसात हजार रुपये निवृत्तिवेतन बसते. साडेसात हजारांतून सत्तावीस हजारांचा हप्ता भरता येत नाही. मग भविष्य निर्वाह निधी मोडावा लागतो आणि म्हातारपणाची शिदोरी भिंतींत जाते.

शिवाय निवृत्तीचे वर्ष माणसाने ठरवलेलेच असते असे नाही. १९६१ मध्ये बंगळुरूमध्ये सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास २०१६ मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिली. ज्या घड्याळांवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वेळ पाहिली, ती बनवणाऱ्या हातांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद घ्यावे लागले. नोकरी साठाव्या वर्षापर्यंत टिकेलच, या विश्वासावर वीस वर्षांचा करार करताना हे उदाहरण विसरू नये.

लवकर भरलेला रुपया

वरील गृहस्थाने पहिल्या महिन्यापासून हप्त्यासोबत ५,००० रुपये जास्त भरले असे समजा. कर्ज २० वर्षांऐवजी सुमारे १३ वर्षे ७ महिन्यांत फिटते. त्याचे वय तेव्हा ५८च्या आत असते आणि व्याजात पावणेतेरा लाख रुपये वाचतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे उपसताही येते.

यातही रकमेपेक्षा वेळेला अधिक महत्त्व आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच १ लाख रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर पुढचे १९ हप्ते कमी होतात. तेच १ लाख रुपये पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर सहा हप्तेही कमी होत नाहीत. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेतून कर्ज एकदम फेडू, असे म्हणणारे नेमके हेच विसरतात. त्या वेळी फेडण्याजोगे व्याज फारसे उरलेलेच नसते. ते आधीच देऊन झालेले असते.

मुदतीपूर्वी कर्ज फेडणाऱ्याला पूर्वी दंड भरावा लागत असे, ही विचित्रच गोष्ट होती. ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर असा आकार घेण्यास बँकांना मनाई केली. स्थिर दराच्या कर्जाचा करारनामा मात्र आधी वाचून घ्यावा.

बदलत्या दराची दुसरी बाजूही आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्याने नुकतेच ३० लाखांचे कर्ज ७ टक्के दराने घेतले होते, त्याचा हप्ता २३,२५९ रुपये होता. दर साडेनऊ टक्के होताच महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये झाले. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल घटण्याऐवजी वाढू लागते! अशा वेळी अनेक बँकांनी कर्जदाराला न विचारता मुदत लांबवली. म्हणून १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने असा निर्देश दिला की, दर बदलल्यावर हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की काही रक्कम आधी भरावी, याची निवड कर्जदाराला करू द्यावी. ज्याला निवृत्तीपूर्वी मोकळे व्हायचे आहे, त्याने मुदतवाढ शक्य तोवर नाकारावी.

विचार करा : दर कमी झाल्यावर हप्ता कमी करून घ्यावा की तोच हप्ता भरत राहावे? का?

काटकसर कोणाची?

हे ५,००० रुपये आणायचे कोठून? बंगळुरूमध्ये काटकसरीच्या वाटा पुष्कळ आहेत. कृष्णराजेंद्र मार्केटमधील भाजी, हॉपकॉम्स या बागायतदारांच्या सहकारी संस्थेची फळांची दुकाने, अव्हेन्यू रोडवरील जुन्या पुस्तकांचे विक्रेते, बीएमटीसीचा मासिक पास आणि २०११ पासून धावणारी मेट्रो यांचा उपयोग तेथील सामान्य कुटुंबे करतातच. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला, त्यानेही अनेक घरांचा खर्च हलका झाला.

तथापि मोठी बचत चहाचा कप टाळून होत नाही. ती एकदाच घेतलेल्या निर्णयांतून होते: दुसरे वाहन न घेणे, पगारवाढ झाली तरी राहणीमान तेच ठेवणे, लग्नसमारंभ ऐपतीच्या आत करणे. घर घेतानाच एक खोली कमी घेणे ही तर सर्वांत मोठी काटकसर होय. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण येथे अंथरूणच उसनवारीचे असते, एवढे लक्षात ठेवावे.

काटकसर आणि कृपणता यांत अंतर आहे. घरातील स्त्रीने दूध कमी घ्यावे, औषध पुढे ढकलावे, मुलीने शिकवणी सोडावी आणि गृहस्थाने मात्र मित्रांत 'कर्ज आठ वर्षांत फेडले' असे अभिमानाने सांगावे, ही काटकसर नव्हे. काटकसरीचा भार बहुतेक घरांत स्वयंपाकघरावर पडतो, आणि त्याची नोंद कोणत्याही पासबुकात होत नाही. म्हणून खर्च कोठे कापायचा, हे पती-पत्नींनी एकत्र बसून ठरवले पाहिजे. आजारपणासाठी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवल्याशिवाय जादा फेड सुरू करू नये, कारण बँकेत भरलेला पैसा अडचणीच्या रात्री परत मागता येत नाही.

बंगळुरूमध्ये आणखी एक मोह असतो. घराचा वरचा मजला भाड्याने देताना दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याचा प्रघात तेथे दीर्घकाळ होता. याशिवाय 'भोग्य' अथवा लीज नावाची पद्धत आहे. तीत भाडेकरू काही लाखांची रक्कम एकदम देतो, दोन-तीन वर्षे भाडे न देता राहतो आणि जाताना ती रक्कम व्याजाविना परत घेतो. अशी रक्कम हाती आली की ती बँकेत भरून कर्ज फेडल्याचा आनंद घेता येतो. परंतु ते कर्ज फिटलेले नसते, फक्त सावकार बदललेला असतो. बँक हप्त्याने घेते, भाडेकरूला मात्र सारी रक्कम एका दिवशी द्यावी लागते. मासिक भाडे हप्त्याला जोडणे हा त्याहून सुरक्षित मार्ग होय.

कागद परत आणणे

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपत नाही. गृहकर्जात बहुधा मिळकतीचे मूळ हक्कलेख बँकेकडे ठेवून गहाण केले जाते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात या प्रकाराची तरतूद आहे. १३ सप्टेंबर २०२३च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत हे कागद परत करावे लागतात व नोंदलेला बोजाही उतरवावा लागतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते.

महाराष्ट्रातील शेतकरी सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यातून बँकेचा बोजा कमी झाला की नाही ते पाहतो. बंगळुरूमधील घरमालक त्यासाठी दुय्यम निबंधकाकडून ऋणभार प्रमाणपत्र काढतो. गहाणाची नोंद केलेली असेल, तर ते सुटल्याची नोंदही तेथे करावी लागते. त्यानंतर प्रमाणपत्रात गहाण आणि त्याची मुक्तता अशा दोन्ही नोंदी एकाखाली एक दिसतात. ते प्रमाणपत्र हाती येईपर्यंत बँकेचे 'कर्ज फिटले' असे पत्र जपून ठेवावे.

स्वाध्याय

१. पहिल्या वर्षी भरलेले १ लाख रुपये आणि पंधराव्या वर्षी भरलेले १ लाख रुपये यांच्या परिणामांत फरक का पडतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. 'फक्त सावकार बदललेला असतो' हे विधान कोणत्या व्यवहाराविषयी केले आहे? ते स्पष्ट करा.

३. तुमच्या परिचयातील एखाद्या कुटुंबाने घर कसे उभे केले, हे घरातील स्त्री आणि पुरुष या दोघांनाही विचारा व दोघांच्या उत्तरांत कोणता फरक आढळला ते दहा ओळींत लिहा.