डिसेंबरातलं वादळ आणि चौथीची यादी

"वादळ कधी येतं?" परिसर अभ्यासाच्या तासाला विचारलं. सगळी चौथी एका सुरात म्हणाली, "पावसाळ्यात!" आपल्यालाही तसंच वाटतं. खरं तर आपल्याकडे चक्रीवादळांचे हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल ते जून. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर.

मग ओखीची गोष्ट सांगितली. २०१७ चा नोव्हेंबर संपताना हे वादळ कन्याकुमारीच्या बाजूला झालं. (नाव बांगलादेशने दिलेलं, अर्थ डोळा. आपल्या 'अक्षि'चं भावंडच म्हणा ना!) केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. बरेच जण परतलेच नाहीत. साठाहून जास्त बोटी भरकटत आपल्या सिंधुदुर्गात, देवगडला आसऱ्याला आल्या. ५ डिसेंबरला मुंबईत आणि आसपासच्या किनारी जिल्ह्यांत शाळांना सुट्टी होती.

गोष्ट झाल्यावर म्हटलं, आता आपल्या तयारीची यादी करा. टॉर्च, काडेपेटी, पिण्याचं पाणी, आजीची औषधं, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोबाइल चार्ज. भराभर झाली. ठीकच होती. पण मागच्या बाकावरचा एक जण, ज्याचे बाबा बोटीवर खलाशी आहेत, तो म्हणाला, "बाई, बाबा तर समुद्रात असतात. ते टॉर्च घेऊन काय करणार?"

वर्ग गप्प. मीही. हिवाळ्यातल्या वादळाची मेख इथेच आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. डिसेंबरात सगळंच बाहेर! बोटी पाण्यात, बोंबील वाळत घातलेले, अंगणात पेंढा, आंब्याला मोहोर. मोहोर काही झाकून ठेवता येत नाही. बोंबील आणि पेंढा वेळेत आत घेता येतात, पण त्याला घरात माणसं हवीत.

म्हणून यादी उलटी केली. पहिला प्रश्न, आपल्या घरातलं कोण समुद्रात आहे? बोटीचं नाव काय, खलाशी किती, कधी गेले, कधी येणार? बोटीवर वायरलेस चालू आहे का? (लांब गेल्यावर मोबाइलला रेंज नसते, हे मुलांनीच मला सांगितलं.) लाइफ जॅकेट माणशी एक आहे का? बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. मग नवी बोट सोडायची नाही. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. दोन्ही पाठ करून घेतले. कौलं, पत्रे, माडाची सुकी झापं हे सगळं त्यानंतर.

किनाऱ्यावरच्या शाळेत असाल तर ही वही नक्की करून बघा. पालकांनो, मुलं विचारतील तेव्हा "तुला काय करायचंय?" म्हणू नका, माहिती द्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने वही आणली. परत येण्याच्या रकान्यात तारीख नव्हती. लिहिलं होतं, "शनिवारी गेले. बर्फ पाच दिवसांचा नेलाय."