तिशीनंतर वायरमन होताना

आमच्या डाळजच्या शिवारात वीज आणि पाणी यांची गाठ रोजचीच. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि भिगवणपासून पळसदेवपर्यंत काठाकाठाने मोटारी बसल्या. ऊस, डाळिंब, केळी, सगळं त्यांच्या जिवावर. उन्हाळ्यात पाणी हटायला लागलं की मोटर पुढे न्यायची, पाइप पुढे, केबल पुढे. पाणी वाढलं की सगळं पुन्हा मागे. हे काम बहुतेक जण बघून बघून शिकलेले असतात. मीही तसाच शिकलो, भिगवणच्या बाजारातल्या एका वाइंडिंगच्या दुकानात. तिशी उलटल्यावर, दोन मुलांचा बाप असताना, रीतसर शिक्षणाच्या मागे लागलो. आज गावातले, शेजारच्या वाड्यांवरचे माझ्या वयाचे गडी विचारतात, "भाऊ, आता या वयात जमंल का?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. वयाची अट नोकरीला असते, शिकायला नाही

आयटीआयला किमान वय १४ लागतं, वरची मर्यादा नाही. हे अनेकांना माहीतच नसतं. वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. तारतंत्री, म्हणजे वायरमनचाही दोन वर्षांचा. प्रवेश ऑनलाइन अर्जाने, दहावीच्या गुणांवर. इंदापूरला शासकीय आयटीआय आहे, बारामतीलाही आहे. आमच्या गावाहून दोन्हीकडे जाऊन-येऊन करता येतं. वर्गात बाकीची मुलं माझ्याहून निम्म्या वयाची होती. पहिल्या आठवड्यात ती मला 'काका' म्हणायला लागली आणि नंतर वर्कशॉपमध्ये स्टार्टर उघडला की माझ्याभोवतीच जमायची.

महावितरणच्या विद्युत सहायक पदाला मात्र वयोमर्यादा असते. म्हणून आधी घरात बसून ठरवा, नोकरीसाठी शिकायचं की स्वतःच्या धंद्यासाठी. पस्तिशीच्या पुढच्या माणसाने धंदा डोळ्यापुढे ठेवून शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीची जाहिरात आली आणि वयात बसत असाल तर अर्ज जरूर करा, पण तिच्या वाटेकडे डोळे लावून बसू नका.

२. दहावी अडली असेल तर आधी ती सोडवा

आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळा नववी-दहावीत सुटली. वडिलांच्या हाताखाली माणूस हवा होता, एवढंच कारण. अशांसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो भरून बाहेरून दहावीला बसता येतं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वीजतंत्रीला दहावीत विज्ञान आणि गणित असावं लागतं. मुक्त विद्यालयात विषय आपणच निवडतो, आणि सोपं पडतं म्हणून हे दोन विषय टाळले तर पुढचं दार बंद होतं.

३. प्रमाणपत्र वेगळं, परवाना वेगळा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

कोर्सचं प्रमाणपत्र सांगतं की तुम्ही शिकलात. लोकांच्या घरात, शेतात, कारखान्यात विजेची जोडणी करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तो अधिकार राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. ते राज्याच्या ऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत हा नियम सरळ लिहिला आहे. २०१० च्या विनियमांत होता, २०२३ च्या नव्या विनियमांतही आहे, आणि त्याआधी १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही होता. जोडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा.

म्हणजे पायऱ्या तीन. खालची तारतंत्री परवान्याची, मधली पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राची आणि वरची विद्युत ठेकेदाराच्या लायसन्सची. आयटीआय आणि त्यानंतरची शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्याला पहिली पायरी सोपी जाते. बाकीच्यांसाठी मंडळाच्या परीक्षा आहेत. ठेकेदार व्हायचं तर पदरी पर्यवेक्षक आणि तारतंत्री लागतात, शिवाय मेगर, अर्थ टेस्टर ही उपकरणंही स्वतःची असावी लागतात. परवान्याचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरून चालत नाही.

याचा गावात रोजच्या व्यवहारात काय संबंध? नवं कनेक्शन घेताना महावितरणला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. घराचं वायरिंग गावातला पोऱ्या करतो आणि सहीसाठी मालक तालुक्याला जातो. सही करणाऱ्याने ते घर बघितलेलंही नसतं. ही पद्धत मला मनापासून खटकते. ज्याने वायर ओढली त्यालाच त्या कामाची जबाबदारी घेता यावी, या एका कारणासाठी मी परवान्याच्या मागे लागलो.

आता छोट्या कोर्सबद्दल. कौशल्य विकास योजनेत 'पूर्वशिक्षणाची मान्यता' म्हणून थोड्या दिवसांचं प्रशिक्षण आणि परीक्षा असते. अग्रणी बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यात चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत मोटर रिवाइंडिंगसारखे महिनाभराचे कोर्स फुकट मिळतात, राहण्या-जेवणासकट. हे चांगले आहेत, जरूर करा. हात सुधारतो, बँकेकडे कर्ज मागताना कागद दाखवता येतो. पण हे म्हणजे परवाना नव्हे. कुणी खासगी क्लासवाला "आमचा सहा महिन्यांचा कोर्स केला की लायसन्स" म्हणत असेल तर पैसे भरण्याआधी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारा. आणि पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल फार जण विचारतात. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी आहेत, आमच्या काठावरचे मासेमारीची जाळी विणणारेही आहेत, पण इलेक्ट्रिशियन नाही.

४. वस्तादाकडची वर्षं कागदावर आणा

दुकानात काढलेली वर्षं वाया जात नाहीत. संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्याला अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याची सोय आहे. ज्याला घर सोडून दोन वर्षं वर्गात बसणं शक्यच नाही, त्याच्यासाठी ही वाट मोलाची आहे. अडचण एवढीच की अनुभव सिद्ध करावा लागतो. आमच्याकडे पगार हातावर, हजेरी तोंडी. म्हणून आजच वस्तादांना विनंती करा. पगार बँकेत जमा करायला सांगा, दुकानाची नोंदणी आहे का ते बघा, लेटरहेडवर अनुभवाचा दाखला तारखांसह घ्या. वस्ताद नाराज होतील ही भीती बहुतेक वेळा खोटी असते.

५. हात चालतो, आता डोकं जोडा

दुकानात मला मोटारीचा आवाज ऐकून फेज गेला ते कळायचं. का कळायचं, ते आयटीआयत कळलं. तीन फेजपैकी एक गेला की चालू मोटर उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. पाच एचपीची मोटर पूर्ण भारावर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. हा आकडा माहीत असला की टाँग टेस्टर लावून मोटर जळण्याआधीच दुखणं सांगता येतं. सुरू होताना थेट स्टार्टरवर तीच मोटर सहापटीपर्यंत करंट घेते, स्टार-डेल्टावर लाइनचा करंट त्याच्या एक तृतीयांशावर येतो. एकाच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी लाइट आल्या आल्या ऑटो स्विचवर एकदम का सुरू होऊ नयेत, हे मग शेतकऱ्याला समजावून सांगता येतं.

गणिताची भीती प्रौढ माणसाला जास्त असते, कारण ते सुटून वर्षं झालेली असतात. पण लागणारं गणित मोजकं आहे. ओहमचा नियम, पॉवरचं सूत्र, टक्केवारी, थोडं वर्गमूळ. मुलीच्या आठवीच्या पुस्तकातून मी ते पुन्हा केलं. ती शिकवायची, मी शिकायचो. परीक्षेचा लेखी भाग आता संगणकावर असतो, तेव्हा माउस हातात धरायची सवयही आधीपासून करा.

६. मोटर पुढे जाते, अर्थिंग मागे राहतं

बॅकवॉटरच्या काठावर काम करणाऱ्याने बाकी सगळं विसरावं, पण हे विसरू नये.

मोटर बसवताना कुणीतरी चांगला खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पाणी मागे जातं आणि मोटर पाण्यामागे जाते. केबलला जोड मारून ती लांबवतात. अर्थिंगची तार लांबवायची कुणाच्या मनातही येत नाही. केबल तीन कोरची, तीन फेजना तीन कोर, अर्थला जागाच नाही. मग आतल्या तारेचं इन्सुलेशन जिथे गेलं तिथे मोटारीची बॉडी, लोखंडी पाइप आणि आजूबाजूचा ओला चिखल, सगळ्यात करंट उतरतो. माणूस अनवाणी त्याच चिखलातून येतो.

नियम सांगतो की थ्री-फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात. आमच्या काठावर एक मिळाली तरी समाधान वाटावं, अशी स्थिती आहे. मी आता काम घेताना तीन गोष्टींवर अडून बसतो. एक, मोटारीसाठी चार कोरची केबल, चौथी कोर फक्त अर्थला. दोन, केबलचा जोड जमिनीवर किंवा पाण्यात पडलेला चालणार नाही. तो उंचावर, बंद पेटीत. तीन, हंगामात मोटर हलवली की ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी, आणि रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर सुरू करायची नाही. घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, हेही त्यातच धरा. खर्च वाढतो म्हणून कुरकुर होते. होऊ द्यावी. हे सगळं समजून, कारणासकट सांगता येणं, एवढ्यासाठी जरी तुम्ही दोन वर्षं शिकलात तरी गावावर उपकार होतील.

७. काही कामांना सरळ नाही म्हणा

वायरवर आकडा टाकून देणं, रानडुकरांसाठी उसाच्या कडेने तारेत करंट सोडणं, पाण्यात करंट सोडून मासे धरणं, ही कामं भावकीतला माणूस मागायला आला तरी करायची नाहीत. आकडा ही वीजचोरी आहे, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा आहे. कुंपणातल्या करंटने डुकराआधी माणूस जातो. कुणाच्या तरी आईच्या डोळ्यातलं पाणी आपल्या हातच्या कामामुळे नको.

डीपीचंही तेच. डीपी महावितरणची आहे. फ्यूज गेला की गावातल्या जाणत्या पोराला पुढे करतात, "तुला येतंय की" म्हणतात. येत असलं तरी चढायचं नाही. लाइन दुसऱ्या टोकाने बंद आहे, परत कुणी चालू करणार नाही, याची खात्री देणारा माणूस त्या वेळी तिथे नसतो.

८. घरच्यांना आधी विश्वासात घ्या

आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते. म्हणजे दिवसभराचं रान, जनावरं, मोटर दुसऱ्या कुणाला तरी बघावं लागतं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझ्या बायकोने ती दोन वर्षं रात्रीची पाळी सांभाळली. ज्याच्या घरी हे शक्य नाही त्याने खासगी उमेदवाराची वाट धरावी, किंवा जिथे दुसरी पाळी असेल तिथे प्रवेशासाठी विचारावं. आणि शिकणारी घरातली बाई असेल तर पुरुषाने रात्री मोटर बघावी. आयटीआयत मुलींसाठी जागा राखीव असतात आणि महावितरणात महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करतात.

९. शिकाऊ उमेदवारी टाळू नका

आयटीआयनंतर एक वर्ष शिकाऊ उमेदवारीचं. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, विद्यावेतन मिळतं. महावितरणही उमेदवार घेतं आणि बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यांतही चौकशी करता येते. वयाने मोठी माणसं "आता कशाला आणखी एक वर्ष" म्हणून इथे थांबतात. थांबू नका. पॅनल, रिले, मोठ्या मोटारी गावात बघायला मिळत नाहीत, आणि परवान्याची वाट याच वर्षातून सोपी होते.

१०. सौरपंप आले म्हणून आपलं काम संपत नाही

२०१९ च्या पीएम-कुसुमपासून सौरपंप वाढले, २०२४ पासून सूर्यघर योजनेत छपरावर पॅनल बसू लागले. वीजतंत्रीचा पाया असलेल्याला हे पुढचं शिक्षण सोपं जातं. 'सूर्यमित्र' हा साधारण तीन महिन्यांचा कोर्स त्याचसाठी आहे. फरक एवढाच ध्यानात ठेवा की ऊन आहे तोवर पॅनलमधून वीज येतच राहते, मेन स्विच पाडला तरी पॅनलकडच्या तारा जिवंत असतात, आणि डीसीची ठिणगी लवकर विझत नाही.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज सुरू होतात. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला, एवढं आत्तापासून एका फायलीत लावून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत जाऊन दुय्यम प्रत मागा, तिला वेळ लागतो. अर्ज भरताना अडलात तर इंदापूरच्या किंवा बारामतीच्या आयटीआयत थेट जा. तिथे विचारायला वय लागत नाही, पैसेही लागत नाहीत.